दमा, कफ आणि आपल्याच पांढऱ्या पेशी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्य व्याख्यानात कागल पंचतारांकित एमआयडीसी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



 विश्वस्तांनी निमंत्रण देताना 'दम्यावर काहीतरी सांगा' एवढेच सुचविले होते. दम्यावर सर्व काही सांगू लागलो तर दुसऱ्या पाळीचा भोंगा होईल आणि सभागृहात मी आणि अध्यक्ष महोदय असे दोघेच उरू. म्हणून मी एकच प्रश्न निवडला आहे. दम्याच्या रुग्णाच्या छातीत एवढा कफ येतो कोठून?

हा प्रश्न माझा नव्हे. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका फाउंड्री कामगाराने तो मला विचारला होता. वय चाळिशीच्या आत, अंगाने काटक, सीमेपलीकडच्या एका खेड्यातून रोज मोटारसायकलने या वसाहतीत कामाला येणारा. एका पावसाळी रात्री त्याच्या सोबत्यांनी त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात आणले. ओठ निळे पडलेले, छाती वर-खाली होत होती, पण स्टेथोस्कोपला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. वैद्यकात अशा छातीला 'मुकी छाती' म्हणतात आणि तिच्याइतके भय आम्हाला दुसऱ्या कोणत्याही घरघरीचे वाटत नाही. खिशात निळा पंप होता, रिकामा. त्या महिन्यातला तो तिसरा पंप होता, असे त्याच्या भावाने सांगितले.

व्हेंटिलेटर लावला. नळ्या मोकळ्या करणारी जी जी औषधे हाताशी होती ती दिली. तरी हवा आत जाईना. शेवटी दुर्बीण घालून पाहिले, तेव्हा एक श्वासनलिका बुचासारखी बंद झालेली दिसली. हळूहळू ओढून काढलेला तो कफाचा गोळा आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. झाडाच्या मुळीला जशा बारीक फांद्या फुटाव्यात तशा त्याला फुटल्या होत्या, आणि चिमट्याने ताणला तर तो रबरासारखा ताणला जात होता. श्वासनलिकेच्या फाट्यांचा जणू तो साचा होता. साचे बनविणाऱ्या माणसाच्या छातीतून असा साचा निघावा, हा योगायोग मला त्या रात्री सुचला नाही, नंतर सुचला.

येथे एक कबुली द्यावयाची आहे. हा रुग्ण त्यापूर्वी दोन वर्षे माझ्याच औषधावर होता. त्याच्या कागदांवर सालब्युटामॉल होते, थिओफिलिनच्या गोळ्या होत्या, खोकल्याचे औषध आणि मधूनमधून प्रतिजैविके होती. आणि 'व्यवसाय' या रकान्यात माझ्याच हस्ताक्षरात एकच शब्द होता : नोकरी.

आठ-दहा दिवसांनी तो उठून बसला, तेव्हा त्याने विचारले, "डॉक्टरसाहेब, रोज वाटीभर बेडका पडतोय. एवढा माल तयार हुतोय तरी कुठं?" मी त्याला त्या वेळी जे उत्तर दिले ते अर्धवट होते. पूर्ण उत्तर त्या काळी कोणाजवळच नव्हते. गेल्या दोन-अडीच दशकांत ते बरेचसे हाती आले आहे, आणि तेच आज आपणापुढे मांडतो.

प्रथम कफावरचा एक अन्याय दूर करू. कफ म्हणजे घाण, असे आपण धरून चालतो. वस्तुतः निरोगी माणसाच्या श्वासनलिकेतही तो अहोरात्र तयार होत असतो. त्यात सुमारे ९७ टक्के पाणी असते. उरलेल्या भागात क्षार, प्रथिने आणि 'म्युसिन' नावाचे लांबलचक धाग्यांचे चिकट प्रथिन असते. श्वासनलिकेच्या आतील अस्तरात सूक्ष्म केस असलेल्या पेशी असतात; ते केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने हलतात आणि कफाचा पातळ थर घशाकडे सरकवत नेतात. वाळूचा कण, धूर, जंतू, जे काही श्वासातून आत येते ते या थराला चिकटते आणि वर वाहून नेले जाते. आपण ते नकळत गिळतो. ज्यांच्या कारखान्यात कन्व्हेयर बेल्ट आहे त्यांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. हा पट्टा थांबला तर काय होते तेही त्यांना ठाऊक आहे.

म्युसिनचे श्वासनलिकेत दोन मुख्य प्रकार असतात. एकाचे नाव म्यूक-५-बी आणि दुसऱ्याचे म्यूक-५-एसी. पहिला रोजच्या सफाईचा. तो नसेल तर फुप्फुसे स्वच्छच राहू शकत नाहीत. दुसरा एरवी थोडका असतो, आणि दम्यात नेमका तोच वारेमाप वाढतो. तो 'गोब्लेट' पेशींत तयार होतो. चषकासारखा आकार म्हणून त्यांना हे नाव पडले. निरोगी लहान श्वासनलिकांत या पेशी अगदी तुरळक असतात. दम्याच्या रुग्णात मात्र अस्तरातील पेशी आपला मूळ धंदा सोडून गोब्लेट पेशींत रूपांतरित होऊ लागतात. सफाई कामगार कमी होतात आणि माल काढणारे वाढतात. त्यांना हे काम करावयास कोण सांगते, हा खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर थुंकीतच लपले होते आणि दीडशे वर्षे डॉक्टर ते पाहत होते. फ्रान्समध्ये शार्को यांनी १८५३ मध्ये टोकदार, सुईसारख्या स्फटिकांचे वर्णन केले. जर्मनीत लायडेन यांनी १८७२ मध्ये तेच स्फटिक दम्याच्या रुग्णांच्या कफात दाखविले. १८७९ मध्ये पाउल एर्लिख यांनी इओसिन नावाच्या तांबड्या रंगाने रंगणारी एक पांढरी पेशी ओळखली आणि तिला इओसिनोफिल हे नाव पडले. आपल्यापैकी अनेकांच्या रक्ततपासणीच्या कागदावर हा शब्द आलेला असेल, आणि 'ॲलर्जी आहे' एवढे सांगून डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला असेल. दम्याच्या रुग्णाच्या कफात या पेशी खच्चून भरलेल्या असतात. परंतु त्या तेथे केवळ गर्दी करण्यासाठी आल्या आहेत की गुन्ह्यात सामील आहेत, याचा निवाडा होण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले.

आता क्रम लावू. आपल्या शरीरात संरक्षणाच्या दोन-तीन वेगवेगळ्या पद्धती आहेत. जंतूंशी लढण्याची एक, विषाणूंची एक, आणि जंतांसारख्या मोठ्या परजीवींना हुसकून लावण्याची आणखी एक. जंताला पेशी गिळू शकत नाही. म्हणून शरीर आतड्यात भरपूर चिकट स्राव सोडते, स्नायू आकुंचित करते आणि त्याला बाहेर ढकलते. युक्ती उत्तम आहे. दम्यात हीच युक्ती चुकीच्या जागी, चुकीच्या शत्रूवर चालविली जाते. घरातील धुळीतला सूक्ष्म कोळी, पावसाळ्यात भिंतीला येणारी बुरशी, पिठाची धूळ, एखादे रसायन यांपैकी कोणाचाही श्वासनलिकेला जंतासारखा धोका नसतो. तरीही अस्तरातील पेशी दुखावल्या की त्या धोक्याची घंटा वाजवितात. टीएसएलपी, इंटरल्युकिन-३३ आणि इंटरल्युकिन-२५ ही त्या घंटांची नावे.

घंटा ऐकून दोन प्रकारच्या पेशी धावतात. एक टी-हेल्पर-२ पेशी. हिला शत्रूची ओळख आधी शिकवावी लागते, आणि एकदा शिकली की ती वर्षानुवर्षे विसरत नाही. दुसरी जन्मजात लिम्फॉइड पेशींच्या दुसऱ्या गटातील. हिचे वर्णन २०१० मध्ये जपान, इंग्लंड व अमेरिकेतील प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी केले. हिला ओळखपाळख लागत नाही. घंटा वाजली की ही कामाला लागते. दोघीही एकच माल बाहेर टाकतात, आणि त्यात कफाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे रसायन म्हणजे इंटरल्युकिन-१३. १९९८ च्या डिसेंबरमध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन स्वतंत्र गटांनी दाखवून दिले की, उंदरांच्या श्वासनलिकेत नुसते हे एक रसायन सोडले तरी दम्याची बहुतेक लक्षणे दिसू लागतात, गोब्लेट पेशी वाढतात आणि कफ साठतो. आमच्या कामगाराच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. माल श्वासनलिकेच्या अस्तरात तयार होतो, पण ऑर्डर देतात त्या आपल्याच पांढऱ्या पेशी.

या संशोधनात सगळे सरळ घडले असे मात्र नाही. केवळ इंटरल्युकिन-१३ ला अडविणारी औषधे माणसांवर आजमावली गेली तेव्हा मोठ्या चाचण्यांत त्यांनी निराशा केली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे औषधशास्त्राला पुनःपुन्हा शिकावे लागते. पुढे इंटरल्युकिन-४ आणि १३ या दोघांचा सामाईक दरवाजा बंद करणारे डुपिलुमॅब यशस्वी ठरले आणि २०१८ मध्ये अमेरिकेत दम्यासाठी त्याला मान्यता मिळाली.

पण कफ जास्त होणे ही अर्धीच कथा आहे. सर्दीतही कफ जास्त होतो, आणि आपण तो खाकरून टाकतो. माझ्या रुग्णाच्या छातीतून निघालेला गोळा रबरासारखा का होता? येथे इओसिनोफिलचा हात आहे. टी-हेल्पर-२ आणि तिची जोडीदारीण इंटरल्युकिन-५ नावाचे रसायनही सोडतात. त्याने अस्थिमज्जेतून इओसिनोफिल मोठ्या संख्येने सुटतात आणि श्वासनलिकेत येऊन बसतात. त्यांच्या पोटातील कणांत पेरॉक्सिडेज नावाचे विकर असते. ते तीव्र ऑक्सिडीकारक द्रव्ये निर्माण करते, आणि त्या द्रव्यांमुळे म्युसिनच्या धाग्याधाग्यांत गंधकाचे पूल बांधले जातात. कोअर शॉपमधील मंडळींना हे एका वाक्यात समजेल. वाळूत रेझिन कालविले म्हणून कोअर लगेच घट्ट होत नाही. त्यावर वायू सोडला की काही क्षणांत दगड होतो. इंटरल्युकिन-१३ रेझिन पुरविते आणि इओसिनोफिल वायू सोडतो.

हे नुसते कल्पनाचित्र नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी १४६ दमेकऱ्यांचे सीटी स्कॅन तपासले. फुप्फुसाच्या वीस भागांपैकी निदान एका भागात कफाचे बूच असलेले रुग्ण ५८ टक्के निघाले. निरोगी लोकांत हे प्रमाण ४.५ टक्के होते. ज्यांच्यात बुचे जास्त, त्यांच्यात इओसिनोफिल जास्त आणि श्वासाची क्षमता कमी, असा मेळही बसला. यातील अनेक जण 'मला कफ होत नाही' असे सांगणारे होते! कफ पडत नाही याचा अर्थ तो नाही असा नव्हे. तो आत घट्ट बसलेला असू शकतो. आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दम्याने मृत्यू पावलेल्या ९३ जणांच्या फुप्फुसांची तपासणी केली होती; त्यांतील अवघ्या पाच जणांच्या श्वासनलिका मोकळ्या होत्या.

शार्को आणि लायडेन यांच्या स्फटिकांचे काय झाले? ते मरणाऱ्या इओसिनोफिलमधील गॅलेक्टिन-१० या प्रथिनाचे असतात. दीडशे वर्षे त्यांना मेलेल्या पेशींचा कचरा समजले गेले. २०१९ मध्ये बेल्जियममधील शास्त्रज्ञांनी दाखविले की ते स्फटिक स्वतःच दाह भडकवितात आणि उंदरांत कफ वाढवितात. कचरा म्हणून कोपऱ्यात टाकलेली वस्तूच आग लावीत होती.

आणखी दोन पेशींचा थोडक्यात उल्लेख करतो. मास्ट पेशी हिस्टामिन व ल्युकोट्रायीन सोडून काही मिनिटांत नळी आवळतात आणि साठलेला कफ एकदम बाहेर ओततात. रात्री अचानक येणाऱ्या झटक्यात त्यांचा वाटा असतो. दुसरी न्यूट्रोफिल. विडी-सिगारेटचा धूर, चुलीचा धूर आणि कापसाच्या धुळीतील जंतुजन्य विष यांना ही पेशी धावून येते. तिच्यातील इलॅस्टेज हे विकर गोब्लेट पेशींना कफ ओकावयास लावते, आणि ती मेल्यावर तिच्या केंद्रकातील डीएनएचे धागे कफात मिसळून तो अधिकच चिकट करतात. सर्वांचा दमा एका जातीचा नसतो, हे यावरून ध्यानात यावे.

आता निळ्या पंपाकडे वळतो, कारण आजच्या भाषणातील जीवन-मरणाचा भाग तेथे आहे. निळ्या पंपातील सालब्युटामॉल श्वासनलिकेभोवतीचा स्नायू सैल करते. पाच मिनिटांत बरे वाटते आणि तितक्याच लवकर विश्वास बसतो. परंतु ऑर्डर देणाऱ्या पेशींना ते हात लावीत नाही. टी-हेल्पर-२ आपले काम करीत राहते, इओसिनोफिल येत राहतात, बूच घट्ट होत राहते. एके दिवशी स्नायू कितीही सैल केला तरी नळीचे तोंडच बंद असते. माझ्या रुग्णाचे हेच झाले होते. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले की प्रौढ व किशोरवयीन रुग्णांनी केवळ निळ्या पंपावर राहू नये. श्वासातून घ्यावयाचे स्टेरॉइड या पेशींना आवरते. मात्र त्याचा परिणाम दिसावयास दिवस, कधी आठवडे लागतात, आणि म्हणूनच लोक ते सोडून देतात. 'स्टेरॉइड' हा शब्द ऐकताच कुटुंबात बैठक भरते. पंपातील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजली जाते. तेच कुटुंब गावातल्या कोणा भोंदूकडून 'दम्याची पुडी' आणते, त्यात स्टेरॉइडची गोळी कुटून घातलेली असू शकते, आणि ती महिनोन्महिने बिनदिक्कत खाल्ली जाते. या विसंगतीचे मला अजूनही नवल वाटते.

२०१९ च्या जागतिक रोगभार अभ्यासानुसार भारतात सुमारे साडेतीन कोटी लोकांना दमा आहे. जगातील दमेकऱ्यांत आपला वाटा साधारण तेरा टक्के, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत तो चाळीस टक्क्यांहून अधिक आहे. या दोन आकड्यांमधील अंतर हवेने निर्माण केलेले नाही. ते बव्हंशी न घेतलेल्या औषधाचे अंतर आहे.

ज्यांचा दमा पंपानेही आटोक्यात येत नाही अशा थोड्या रुग्णांसाठी नवी इंजेक्शने आली आहेत. मेपोलिझुमॅब इंटरल्युकिन-५ ला अडविते, टेझेपेलुमॅब टीएसएलपी ही घंटाच दाबून धरते. त्याने सीटी स्कॅनवरील कफाची बुचे कमी झाल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. परंतु त्यांची किंमत सामान्य कामगाराच्या आवाक्यात नाही आणि बहुतेकांना त्यांची गरजही नाही.

गरज आहे ती घंटा कोण वाजवितो हे शोधण्याची, आणि येथे मी आपल्या वसाहतीत येतो. जागतिक तज्ज्ञ संस्थांच्या २०१९ मधील निवेदनानुसार प्रौढांच्या दम्यात दर सहा रुग्णांमागे सुमारे एकाच्या बाबतीत कामाच्या जागेचा हात असतो. आपल्या परिसरात फाउंड्री आहेत, रंगकाम आहे, सूतगिरण्या आहेत. फाउंड्रीतील सिलिकाची धूळ वेगळा आजार करते, तो आजचा विषय नाही. पण कोल्ड बॉक्स पद्धतीने कोअर बनविताना रेझिनबरोबर जे दुसरे द्रव्य लागते, त्यात एमडीआय नावाचे आयसोसायनेट असते. पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये त्याच कुळातले दुसरे असते. आयसोसायनेट म्हटले की आपल्याला १९८४ चे भोपाळ आठवते. हे ते नव्हे. एमडीआय थंड असताना फारसे उडत नाही. पण फवारले, तापविले किंवा त्यावर वितळलेला रस ओतला की ते हवेत येते. त्याचा रेणू लहान असतो, पण तो शरीरातील प्रथिनांना चिकटतो, आणि पांढऱ्या पेशींना आपलेच प्रथिन परके वाटू लागते. काही महिने, कधी काही वर्षे काहीच होत नाही. सोबतचे दहा जण ठणठणीत असतात. एकाच्या पेशी मात्र ते द्रव्य 'शिकतात', आणि त्यानंतर त्याला अत्यल्प मात्राही पुरते. युरोपीय संघात ऑगस्ट २०२३ पासून अशी द्रव्ये हाताळणाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचे झाले आहे.

ओळखावे कसे? फार सोपा प्रश्न आहे : सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का? ज्याचा दमा कामावरच्या रसायनाने होतो, त्याला आठवडा सरत जाईल तसतसा त्रास वाढतो, अनेकदा पाळी संपून घरी गेल्यावर रात्री वाढतो, आणि गावच्या जत्रेला चार दिवस रजा काढली की छाती हलकी होते. सूतगिरणीत ब्लो रूम आणि कार्डिंगमध्ये काम करणाऱ्यांचे उलट असते. सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते आणि पुढे सैल होत जाते. त्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. शंका आल्यास काही शे रुपयांना मिळणारे पीक फ्लो मीटर घ्यावे, दिवसातून चार वेळा फुंकावे, कामाचे दोन आठवडे आणि शक्य तर रजेचेही दिवस आकडे वहीत लिहावेत. ही वही अनेकदा महागड्या तपासण्यांपेक्षा अधिक बोलते.

माझ्या रुग्णाची वही आम्ही दवाखान्यातून सुटल्यावर लिहिली. तो कोअर शॉपमध्ये होता. रजेतील आकडे आणि कामावरचे आकडे एका माणसाचे वाटत नव्हते. त्याने हात जोडून सांगितले, "मालकांस्नी सांगू नका, साहेब. काम जाईल." खरे सांगतो, औषधे लिहिण्यापेक्षा या वाक्याला उत्तर देणे मला कठीण गेले. त्याच्या संमतीने मी त्याच्या मालकांना भेटलो. त्यांनी प्रथम विचारले, "मग बाकीच्यांना का होत नाही?" पेशी कशा शिकतात ते मी कागदावर आकृती काढून समजावले. त्यांनी त्याला डिस्पॅचमध्ये घेतले, पगार तोच ठेवला. कोअर शॉपमध्ये ओढपंखे नंतर बसले. तेही लगेच नाही, दीड वर्षाने.

तो पूर्ण बरा झाला का? नाही. काम सोडल्यावरही अशा रुग्णांपैकी सुमारे तिसरा हिस्साच पूर्ण मोकळा होतो. शिकलेल्या पेशी विसरत नाहीत. ज्यांचे निदान लवकर होते त्यांना अधिक आशा असते, आणि माझ्या दोन वर्षांनी त्याची ती संधी घालविली. तो आजही सकाळ-संध्याकाळ पंप घेतो. पण त्यानंतर त्याला व्हेंटिलेटर लागलेला नाही, आणि गेल्या वर्षी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन तो जिना चढून वर आला.

कारखानदार बंधूंना एक विनंती. नाकाला बांधलेला रुमाल धूळ थोडी अडवितो, रसायनाची वाफ मुळीच नाही. वाफ जेथे सुटते तेथेच ओढून घेणारी यंत्रणा हवी, आणि मुखवटा द्यावयाचा तर त्या वाफेसाठी बनविलेला. नवीन कामगार कोअर शॉप किंवा रंगकामावर घेताना आणि नंतर दर वर्षी त्याची श्वासाची चाचणी करून ठेवा.

भगिनींनी मघाशी चिठ्ठीवर दोन प्रश्न पाठविले आहेत. पहिला दुधाचा. दुधाने कफ वाढतो का? दूध प्यायल्यावर लाळ दाट झाल्यासारखी वाटते, म्हणून हा समज पसरला. तपासून पाहता कफाचे उत्पादन वाढत नाही असेच आढळले आहे. ज्याला दुधाची खरी ॲलर्जी आहे त्याची गोष्ट वेगळी. कोल्हापुरात कट्ट्यावरचे धारोष्ण दूध बंद करा असे सांगण्याचे धाडस माझ्याजवळ नाही, आणि कारणही नाही. तापवून प्या, एवढेच म्हणेन.

दुसरा प्रश्न उपवासाचा. पर्वाच्या दिवसांत आणि सूर्यास्तानंतर पंप घ्यावा का? उपवासाचा नियम सांगण्याचा अधिकार माझा नाही. तो गुरुजनांना विचारावा. वैद्य म्हणून एवढेच सांगतो की पंपातील औषध फुप्फुसासाठी असते, अन्न म्हणून नव्हे. मात्र त्यातील काही अंश तोंडात व घशात बसतो हेही लपवीत नाही. दोन वेळचा पंप बहुतेकांना सूर्योदयानंतर आणि सूर्यास्तापूर्वी घेता येतो, तेव्हा डॉक्टरांशी बोलून वेळा जुळवून घ्याव्यात. दहा दिवस पंप कोणाला न विचारता बंद ठेवून अकराव्या दिवशी दाखल झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. आणि झटका आला तर घड्याळ पाहू नये.

बाहेर मंडपात टेबलावर आज चार पीक फ्लो मीटर ठेवले आहेत. प्रत्येकाने उभे राहून, पूर्ण श्वास भरून, तीनदा जोराने फुंकावे. सर्वांत मोठा आकडा वहीत नोंदविला जाईल. नावापुढे वय आणि उंची लिहावी, आणि काम कोणत्या विभागात करता तेही लिहावे : कोअर शॉप, मोल्डिंग, पेंट, कार्डिंग, जे असेल ते. 'नोकरी' असे कोणी लिहिले तर आमचे सहकारी वही परत तुमच्यासमोर ठेवतील.